टॉवरचं घड्याळ, घंटा आणि भोंगे: तिन्ही एका कोटेशनमध्ये घालू नका

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पलूस तालुक्यातलं कृष्णाकाठचं गाव. ग्रामपंचायतीच्या जुन्या इमारतीवर मनोरा, त्याला चार बाजूंना चार तबकड्या. आत बिडाच्या सांगाड्यातलं, वजनांवर चालणारं घड्याळ आणि वर काशाची घंटा. आठ-दहा वर्षं सगळं बंद. आता एकाने कोटेशन दिलंय: जुनं यंत्र काढायचं, प्रत्येक तबकडीमागे मोटार बसवायची, २५० वॅटचा अँप्लिफायर आणि साठ-साठ वॅटचे चार हॉर्न लावायचे, दर तासाला ‘कॅरिलॉन’ची, म्हणजे घंटांच्या संचाची, रेकॉर्ड वाजवायची. शेजारच्या कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा होतो आणि घराघरांतले टीव्ही-मोबाईल दीड तास बंद होतात, तसा भोंगा आणि पुराच्या सूचनाही त्याच हॉर्नवर. तुम्ही विचारताय, घ्यावं का?

या स्वरूपात घेऊ नका. त्यात वेळ दाखवणं, ठोके देणं आणि लोकांशी बोलणं अशी तीन निरनिराळी कामं एकाच डब्यात कोंबली आहेत. उद्या अँप्लिफायर जळला की ठोके गेले, भोंगा गेला आणि ऐन पुरात सूचनाही गेल्या. शिवाय घड्याळ का बंद पडलं हे कोणी पाहिलेलंच दिसत नाही. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, असा प्रकार.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या इथून सांगता येणार नाहीत. घंटेला तडा आहे का? यंत्राचे भाग जागेवर आहेत का, की पितळेची चाकं भंगारात गेली? आठवड्यातून एकदा जिना चढून किल्ली देणारा माणूस आहे का? आणि मनोऱ्यापासून शंभर मीटरच्या आत शाळा किंवा दवाखाना आहे का? या चार उत्तरांवर खर्च दुप्पट किंवा निम्मा होऊ शकतो.

आधी घड्याळ. चार तबकड्यांचं घड्याळ थांबतं तेव्हा दोष बहुतेक वेळा यंत्रात नसतो, तो यंत्रापासून काट्यांपर्यंतच्या वाटेत असतो. मधल्या उभ्या दांडीवरून बेव्हल गिअर (फिरण्याची दिशा वळवणारी तिरक्या दात्यांची चाकं), तिथून चार आडव्या दांड्या, प्रत्येक तबकडीमागे बारास एक प्रमाणाची चाकं आणि शेवटी काटे. चारही मिनिटकाटे एकाच वेळी सहावरून बाराकडे चढतात, त्यामुळे चढाचा भार एकदम चौपट येतो. तो पेलता यावा म्हणून प्रत्येक काट्याला मागच्या बाजूला प्रतिवजन दिलेलं असतं. कोणीतरी रंगकाम करताना काटा बदलतो किंवा प्रतिवजन गळून पडतं, आणि घड्याळ अडायला लागतं.

म्हणून पहिलं काम फुकटातलं आहे: काटे कुठे थांबलेत ते बघा. मिनिटकाटा ३५ ते ५५ च्या दरम्यान, म्हणजे चढावर थांबला असेल, तर काट्यांचा तोल बिघडलाय. ५५ नंतर, तासाच्या अगदी तोंडाशी थांबला असेल, तर ठोक्यांचा खटका उचलताना यंत्राचा जीव जातोय. तिथं गंज किंवा वाळलेलं तेल असतं. चार तबकड्या चार वेळा दाखवत असतील, तर बेव्हल गिअरचे स्क्रू दांडीवर घसरलेत, यंत्राचा त्यात काही दोष नाही. आणि मिनिटकाटा दर वेळी बरोबर ४५ वर, म्हणजे आडवा असताना थांबत असेल, तर वर कबुतरं बघा. आडवा मिनिटकाटा ही त्यांची आवडती फांदी.

यानंतरची तपासणी आत जाऊन करायची, पण एक पथ्य सांभाळून: वजनं पूर्ण खाली उतरवल्याशिवाय एकही पिन किंवा चाक काढायचं नाही. टॉवरच्या घड्याळाची वजनं पन्नास किलोपासून दीड-दोनशे किलोपर्यंत असतात. एकमेकांत अडकलेल्या चाकांची रांग, म्हणजे ‘गाडी’, मध्येच मोकळी झाली तर ती अख्खी सुटते आणि बोटं जातात. वायर रोपची एक-दोन तारसुद्धा तुटून काट्यासारखी उभी राहिलेली दिसली तर रोप बदला. वजन पडण्याच्या जागी खाली वाळूची पेटी ठेवा, नाहीतर एक दिवस ते स्लॅब फोडून ग्रामसेवकाच्या टेबलावर येईल.

यंत्राकडून वर जाणाऱ्या दांडीचा जोड सोडवा आणि यंत्र एकटं आठ दिवस चालवा. चाललं, तर यंत्र निरोगी आहे. मग प्रत्येक तबकडीची दांडी हाताने फिरवा. एका बोटाने फिरली पाहिजे, आणि मिनिटकाटा तीनवर व नऊवर सोडला तर जागच्या जागी राहिला पाहिजे. खाली गळत असेल तर प्रतिवजन वाढवायचं, स्वतःच वर उचलत असेल तर कमी करायचं. आपल्याकडे नैऋत्येचा पाऊस थेट दक्षिण आणि पश्चिमेच्या तबकडीवर मारा करतो, त्यामुळे त्या दोन बाजूंचे बुश (दांडी ज्यात फिरते त्या नळ्या) आधी गंजतात. तिथं पितळेचे किंवा गनमेटलचे बुश टर्नरकडून करून घ्या आणि काट्याच्या दांडीभोवती पाणी आत येणार नाही अशी टोपी बसवा.

साफसफाई रॉकेलने आणि ब्रशने. पाण्याचा प्रेशर जेट नको. तेल फक्त चाकांच्या टोकांना, बुशमध्ये, थेंबाथेंबाने. दात्यांना ग्रीस फासू नका. मनोऱ्यात उडणारी धूळ आणि कबुतरांची विष्ठा त्यात मिसळून वर्षभरात सॅंडपेपर तयार होतो. खोबरेल तर नकोच, थंडीत थिजतं. तेलपाणी दर सहा महिन्यांनी, एकदा मेमध्ये आणि एकदा दिवाळीनंतर.

वेळ लावायची ती लंबकाने. सेकंदाचा लंबक जवळपास ९९ सेंटिमीटर असतो. लांबी एक मिलिमीटर बदलली की दिवसाला ४३ सेकंदांचा फरक पडतो. लंबकाच्या खालच्या टोकाची फिरवायची चाकी वर चढवली की घड्याळ पुढे पळतं, खाली उतरवली की मागे पडतं. चाकीचा आटा एक मिलिमीटरचा असेल तर एक पूर्ण फेरा म्हणजे ४३ सेकंद, हे लंबकाच्या पेटीवर खडूने लिहून ठेवा. एक गंमत सांगतो. इंग्लंडमध्ये लावून पाठवलेलं घड्याळ आपल्याकडे त्याच लांबीवर दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं, कारण विषुववृत्ताकडे गुरुत्वाकर्षण किंचित कमी. लंबक तीनेक मिलिमीटर आखूड करावा लागतो. त्यामुळे चाकी वरच्या टोकाला गेलेली दिसली तर कोणी बिघडवून ठेवलीय असं समजू नका.

लोखंडी दांडीचा लंबक उन्हाने लांबतो. दर अंशाला दिवसाला अर्धा सेकंद. आपल्याकडे हिवाळा आणि उन्हाळ्याच्या सरासरीत दहा-बारा अंशांचा फरक धरला, तर मे महिन्यात दिवसाला पाच-सहा सेकंद मागे, महिन्याला अडीच-तीन मिनिटं. लाकडी दांडी असेल तर याच्या निम्म्याहून कमी. तेव्हा उन्हाळ्यात आणि थंडीत एकेकदा चाकी फिरवायची, संपलं. अगदी बारीक सुधारणेसाठी लंबकाच्या दांडीवर छोटी ताटली बांधून त्यात वॉशर टाकतात. वजन टाकलं की घड्याळ किंचित पुढे जातं. लंडनच्या बिग बेनमध्ये यासाठी जुनी पेनी नाणी वापरतात आणि एका नाण्याने दिवसाला ०.४ सेकंदाचा फरक पडतो.

किल्ली द्यायला माणूसच नसेल, तर मधला मार्ग म्हणजे वजन आपोआप वर ओढणारी छोटी गिअर मोटार. वर आणि खाली लिमिट स्विच, म्हणजे टोकाला पोचताच मोटार थांबवणारे स्विच, हवेत. वरचा स्विच अडकला तर मोटार वजन पुलीत घुसवते, म्हणून वर एकाऐवजी दोन लावा. लंबक, चाकं, ठोके सगळं जसंच्या तसं राहतं. यंत्राचे भाग खरोखरच गहाळ असतील, तरच तबकडीमागच्या मोटारींचा विचार करा, आणि तेव्हा तीन गोष्टी विचारा.

मोटार सिंक्रोनस आहे का? असेल तर नको. ती विजेच्या ५० हर्ट्झवर वेळ मोजते आणि आपल्या ग्रिडची परवानगीची मर्यादा ४९.९० ते ५०.०५ अशी आहे. दिवसभर सरासरी ४९.९५ राहिली तर घड्याळ ८६ सेकंद मागे. लोडशेडिंगचं तर बोलायलाच नको. त्याऐवजी मास्टर कंट्रोलरकडून दर मिनिटाला २४ व्होल्टचा पल्स, म्हणजे विजेचा क्षणभराचा झटका, घेणारी यंत्रणा घ्या. त्यात पल्सची दिशा आलटूनपालटून उलटते. एका तबकडीच्या दोन वायर अदलाबदल झाल्या तर ती तबकडी कायम एक मिनिट चुकीची राहते आणि मिस्त्री काटा वाकवायला जातो. वायर उलटवा, काटा नको.

दुसरं, कंट्रोलर जीपीएसवर वेळ घेत असेल तर भारतीय वेळ अधिक साडेपाच तास आणि ‘समर टाइम’ बंद, हे स्वतः डोळ्यांनी बघा. युरोपची सेटिंग तशीच राहिली तर मार्चच्या शेवटच्या रविवारी तुमचं घड्याळ आपोआप तासभर पुढे जाईल आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत येईल. मधले सात महिने लोक म्हणतील, मशीन बिघडलं.

तिसरं, वळवाची वीज. गावातली सगळ्यात उंच जागा ती. तडितरक्षकाची पट्टी बाहेरून सरळ खाली, अर्थिंग दहा ओहमच्या आत, आणि जीपीएस अँटेनाच्या केबलला व वीजपुरवठ्याला वेगवेगळे सर्ज प्रोटेक्टर. हे कोटेशनमध्ये नसेल तर पहिल्या मे महिन्यात कंट्रोलर जाईल.

आता घंटा. ‘कॅरिलॉन’ हा शब्द कोटेशनवाल्याने शोभेला घातलाय. सुरात लावलेल्या निदान २३ घंटा असल्या तर त्या संचाला कॅरिलॉन म्हणतात. बिग बेनच्या इमारतीतली ती ओळखीची पावतासांची धून वाजवायलाही चार घंटा लागतात, पाचवी तासाची. तुमच्याकडे एक आहे, आणि एकीचं काम ती उत्तम करते. काशाला, म्हणजे साधारण ७८ भाग तांबं आणि २२ भाग कथील, ऊन-पावसाचं फारसं काही होत नाही. साताऱ्याकडे वाईजवळ मेणवलीच्या घाटावरची पोर्तुगीज घंटा १७३९ च्या वसईच्या मोहिमेनंतर आलेली, आणि ती अजून तिथं आहे.

काशाला मारतो तो चुकीचा हातोडा. लाकडी मोगरीने घंटेच्या काठाजवळच्या जाड पट्ट्यावर हलकेच ठोका. नाद लांबत जाऊन विरला तर ठीक. भांडं फुटल्यासारखा खरखरीत आणि आखूड आला तर तडा आहे. पुसून रॉकेल लावा, पुन्हा कोरडं पुसा आणि खडूची पूड फासा. तडा असेल तिथे रॉकेल बाहेर येऊन रेघ उमटते. तडा गेलेल्या घंटेला गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात नेऊ नका. कासं ठिसूळ असतं, एका जागी तापवलं की तडा पुढे पळतो.

हातोडा हलका ठेवा. बिग बेनची मोठी घंटा १८५९ साली सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांत तडकली. मग घंटा थोडी फिरवून अखंड बाजू पुढे आणली आणि हातोडा हलका केला. आज १३.७ टनांच्या घंटेला २०० किलोचा हातोडा आहे, म्हणजे दीड टक्का. या हिशेबाने शंभर किलोच्या घंटेला दीड किलोचा हातोडा पुरतो, अगदीच तर दोन. विसाव्याच्या स्थितीत हातोडा आणि घंटा यांत चार-पाच मिलिमीटर फट हवी आणि मागे रबराचा किंवा स्प्रिंगचा टेकू, म्हणजे हातोडा मारून लगेच परत येतो. फट नसेल तर तो घंटेवरच टेकून राहतो, नाद दाबला जातो आणि ‘थप्प’ असा आवाज येतो. विजेचा हातोडा लावलात तर हीच चूक पल्स लांब ठेवल्याने होते. एक दशांश सेकंदाच्या आसपास ठेवून कानाने जुळवा. दोन ठोक्यांमध्ये दोन-अडीच सेकंद. आणि तीच जागा वर्षानुवर्षं मार खाऊन सपाट झाली असेल तर घंटा थोडी फिरवून टांगा.

रात्री ठोके बंद ठेवायचेत, ठीकच आहे, पण कसे ते महत्त्वाचं. जुन्या घड्याळात ठोके मोजायला कडेला खाचा असलेलं चाक असतं. ते फक्त ‘पुढचा आकडा’ ओळखतं, काट्यांकडे बघत नाही. रात्री दहाचे ठोके झाल्यावर ठोक्यांची गाडीच (ठोके देणारी चाकं) अडवून ठेवली, तर सकाळी सहाला ती अकरा ठोके देणार. म्हणून गाडी चालू ठेवायची आणि फक्त हातोड्याची तार ओढून हातोडा घंटेपासून लांब धरायचा. सकाळी तार सोडली की बरोबर सहा पडतात. याच कारणाने काटे तासावरून उलटे फिरवायचे नाहीत. ठोके आणि काटे एकमेकांना चुकलेच, तर खटका हाताने उचलून जुळेपर्यंत ठोके पाडत राहा. भर दुपारी करा, नाहीतर गावात चर्चा होईल.

आत्तापर्यंतचं एवढंच: यंत्र आहे तसं जगवा, काट्यांची वाट साफ करा, घंटेला हलका हातोडा द्या. बहुतेक गावांत हे सगळं मिळून त्या कोटेशनपेक्षा कमी खर्चात होतं.

राहिले हॉर्न. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. रात्र म्हणजे दहा ते सहा. ध्वनिक्षेपकाचा आवाज सार्वजनिक जागेच्या हद्दीवर या मर्यादेपेक्षा १० ने जास्त किंवा ७५ डेसिबल, यांतलं जे कमी असेल, त्याच्या वर जाऊ द्यायचा नाही. तुमच्याकडे दिवसा ६५. आता हिशेब करा. साधारण हॉर्न एक वॅटला एक मीटरवर १०७ डेसिबल देतो. साठ वॅटला त्यात १८ मिळवा. तीस मीटरवर अंतरापोटी ३० वजा. समोरच्या खिडकीत ९५ डेसिबल. मर्यादेपेक्षा ३० जास्त, म्हणजे शक्ती हजारपट जास्त. नियमात बसायचं तर साठ वॅटऐवजी साठ मिलिवॅट द्यावे लागतील, आणि तेवढ्यासाठी २५० वॅटचा अँप्लिफायर कशाला? समोर शाळा असेल आणि तो भाग शांतता क्षेत्रात मोडत असेल, तर रोजचा भोंगा हा विषयच वेगळा होतो. लेखी परवानगी आधी घ्या, हॉर्न मग.

आवाजाची प्रतही बघा. हॉर्न तीनेकशे हर्ट्झच्या खालचं जवळपास देतच नाही. घंटेचा खालचा हुंकार त्यात गाळला जातो आणि उरतो तो डबा बडवल्याचा आवाज. खरी घंटा डोक्यावर टांगलेली असताना तिची रेकॉर्ड हॉर्नवर वाजवणं म्हणजे घरात गाय असून पिशवीतलं दूध आणणं.

भोंग्यासाठी मनोरा योग्य जागा आहे. संध्याकाळी सातला वीस-तीस सेकंद, एकाच जागेवरून, बस्स. सूचनांसाठी मात्र मनोरा वाईट. चारशे मीटरवर घरांवरून परतणारे आवाज एकमेकांत मिसळतात; दोन वाटांनी आलेल्या आवाजात सतरा मीटरचा फरक पडला की पन्नास मिलिसेकंदांचा उशीर होतो आणि शब्द दुहेरी ऐकू यायला लागतात. ‘पाणी वाढतंय’ आणि ‘पाणी वाटतंय’ यात फरक कळत नाही. त्यासाठी गल्लीगल्लीत चाळीस-पन्नास मीटरवर छोटे स्पीकर, पाच वॅटच्या टॅपवर (स्पीकर किती वॅट घेईल ते ठरवणाऱ्या जोडणीवर), सगळे रस्त्याच्या एकाच दिशेला आणि किंचित खाली तोंड करून. बारा स्पीकर म्हणजे ६० वॅट. अँप्लिफायरच्या ऐंशी टक्क्यांपेक्षा जास्त भार घालायचा नसतो, म्हणून ८० ते १०० वॅटचा घ्या. (तुमच्या कोटेशनमध्ये २५० वर २४० आहे, ते याच नियमाने चुकतं.)

लाईन १०० व्होल्टची. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर दोनशे मीटर नेली तर जाऊन-येऊन पाचेक ओहम होतात. १०० व्होल्टवर ६० वॅटला तीन टक्के तूट. तेच थेट आठ ओहमवर जोडलंत तर जवळपास चाळीस टक्के शक्ती तारेतच तापते. आठ ओहमच्या टोकाला आणि १०० व्होल्टच्या टोकाला एकाच वेळी स्पीकर जोडणं हे अँप्लिफायर जळण्याचं एक नेहमीचं कारण.

आवाजाच्या दोन पातळ्या ठरवून नॉबवर रंगाने खूण करा: रोजची खालची, आणि पुराची वरची. सार्वजनिक आणीबाणीत रात्रीही बोलता येतं, नियमात तशी सोय आहे. अँप्लिफायर आणि बॅटरी २०१९ च्या महापुराच्या पाण्याच्या खुणेच्या वर, वरच्या मजल्यावर. अँप्लिफायर २४ व्होल्ट डीसीवरही, म्हणजे बॅटरीवरही, चालणारा घ्या, कारण पुरात महावितरण वीज आधी तोडते. सांगलीत आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका धरतात. तुमचं गाव वरच्या अंगाला आहे, तेव्हा कोणत्या पातळीला कोणती सूचना द्यायची ते तुमच्या घाटाच्या पायऱ्यांवर खूण करून ठरवा आणि माईकशेजारी चिकटवा.

आता काम इतकंच करा. उद्या सकाळी चारही तबकड्यांचा एकेक फोटो काढा, काटे कुठे आहेत ते नीट दिसेल असा, आणि घंटेच्या तोंडाचा व्यास टेपने मोजा. ते इथे टाका, म्हणजे हातोड्याचं वजन आणि दोष कुठे शोधायचा, दोन्ही सांगता येईल. तोवर यंत्राला कोणाला हात लावू देऊ नका, विशेषतः भंगारवाल्याला.